खिडकीत न मावलेली जुडी

मंगळवारी आणि शुक्रवारी अंधारातच
मी व्हॅन काढते. मागे सहा क्रेट:
कोलार्डच्या जुड्या, रताळी, कांदे,
केळी जरा हिरवीच, म्हणजे चार दिवस तगतील.
टोलीडोच्या या अंगाला चौकागणिक एक दुकान,
आणि दुकानागणिक तेच:
चिप्स, लॉटरी, सुट्या सिगारेटी,
बाटल्यांतलं निळं, लाल, जांभळं पाणी.
सफरचंद हवं तर दोन बस बदलायच्या.

मुतह्हरच्या दुकानात काच आहे, गोळी अडवणारी.
काचेत एक फिरती खिडकी, डब्याएवढी.
पैसे ठेवा, ढकला,
पलीकडून पाकीट येतं.
अकरा वर्षं त्याने गिऱ्हाईक पाहिलं
ते मनगटापर्यंत:
नखं, अंगठ्या, एका पंजाला बोटच नाही.
चेहरे ओरखड्यांमागे राहिले.

"भाजी नको," म्हणाला तो मला पहिल्यांदा.
"भाजी मरते. चिप्स मरत नाहीत."
खोटं नव्हतं ते.
पहिल्या आठवड्यात केळी काळी पडली.
दुसऱ्यात पालकाने मान टाकली.
तिसऱ्यात कोलावाल्यांचा माणूस आला,
आमची टोपली फ्रिजमधून उचलून
फरशीवर ठेवून गेला. फ्रिज आमचा, म्हणाला.
मुतह्हरने वही उघडून तोटा दाखवला,
त्याच्या लिपीतल्या आकड्यांत.
मला वाचता आला नाही,
लांबी तेवढी दिसली.

मग एका शुक्रवारी मी क्रेट उतरवत असताना
मिस ओडेसा आली. काठी, निळी टोपी,
रक्तात साखर, डाव्या पायाची दोन बोटं
इस्पितळात ठेवून आलेली.
"ती हिरवी जुडी दे," म्हणाली.
जुडी तिच्या हाताएवढी लांब.
त्याने खिडकीत कोंबली. खिडकी फिरेना.
तो ढकलतोय, ती ओढतेय,
देठ मोडतायत, पानं फाटतायत,
मागे टेव्हियन मुठीत डॉलर घेऊन
एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"अरे बाबा," म्हणाली ती,
"कोलार्डने कुणाचा जीव घेतल्याचं
मी तरी ऐकलं नाही. दार उघड."

तीन कुलपं होती. मी मोजली.
तो बाहेर आला तेव्हा कळलं,
माणूस केवढा बुटका आहे,
पायात मोजे आणि वर सपाता.
ती त्याच्या पायांकडे बघत राहिली,
तो तिच्या.
मग तिने त्याला झापलं:
असं ठेवतात का? देठ कापायचे,
पाणी शिंपडायचं, ओलं फडकं घालायचं.
"आई गोणपाट घालायची," तो म्हणाला. "इब्बला."
इब्ब कुठे ते तिने विचारलं नाही.
"मग तुला माहीत होतं," म्हणाली,
आणि मोडलेल्या जुडीचे अर्धेच पैसे दिले.

आता टोपली काचेच्या अलीकडे असते.
काच आहे तिथेच आहे.
पुढच्या चौकातल्या दोघांनी योजना सोडली,
त्यांना मी दोष देत नाही,
त्यांच्याकडे कुणी मिस ओडेसा आली नसेल.

गेल्या मंगळवारी मुतह्हर दारातच उभा,
हसत, खांदे हलेपर्यंत.
"चोरी झाली," म्हणाला.
"टेव्हियनने प्लम चोरला! दोन!
अकरा वर्षं ही पोरं चिप्स चोरतात!"
कॅमेऱ्यातलं चित्र मला दोनदा दाखवलं:
पोरगा कोपऱ्यावर थांबतो,
शर्टाला पुसतो, चावतो,
रस कोपरापर्यंत ओघळतो,
तो चाटतो.

"शुक्रवारी जुड्या आठ आण," मुतह्हर म्हणाला.
मी लिहिलं, आठ.
व्हॅन सुरू केली तर काचेवर टकटक.
"दहा." आत गेला. परत आला.
"नको, आठच. मरते ती."
मी दहा ठेवले आहेत.